गुलाबी गोळी कुठं गेली?

मागच्या पावसाळ्यात, भाताची लावणी अगदी जोरात होती तेव्हा, एक मुलगी आमच्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, आली. कर्नाटकातल्या आमच्या खानापूर तालुक्यातल्या पावसात छत्रीचा तसा काही उपयोग नसतो, तरी तिनं भिजलेली छत्री दाराबाहेर नीट उघडून ठेवली, ओढणीनं हात पुसले, प्लास्टिकच्या फोल्डरमधनं कागद काढले आणि म्हणाली, मॅडम, मी फार्म डी करते, फार्मसीची डिग्री, बेळगावला, प्रोजेक्टसाठी सर्व्हे चाललाय, सरकारी फार्मासिस्ट लोकांचं जॉब सॅटिसफॅक्शन. दहा मिनिटं लागतील, नुसतं टिक करायचंय.

तो फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये अकरा दिवस पडून होता.

वेळ मिळाला नाही असं मी तिला फोनवर सांगितलं, खरं (आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात) ते खोटं होतं. बेळगाव ते आमचं गाव बसनं सव्वा तास, परत येताना सव्वा तास, 2023 च्या जूनपासून आम्हा बायकांना बस फुकट झाल्यापासनं खिडकीजवळची सीट मिळणं म्हणजे लॉटरी, तरी मिळते कधी कधी, आणि तिथं बसून मी तो फॉर्म तीनदा काढला आणि तीनदा परत ठेवला. प्रत्येक प्रश्नापुढं पाच चौकटी. एका टोकाला अजिबात समाधानी नाही, दुसऱ्या टोकाला अत्यंत समाधानी, मधे एक 'सांगता येत नाही'. सगळ्याच प्रश्नांना मधल्या चौकटीत टिक मारून मोकळं व्हावं असं वाटलेलं, मग त्या पोरीचा प्रोजेक्ट आठवला.

पहिला प्रश्न पगाराचा. हा सोपा होता. मी पाच वर्षं कॉन्ट्रॅक्टवर काढलीत. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग मधे एक ब्रेक, मग परत ऑर्डर, आणि मार्च आला की घरात कुणी मोठा खर्च काढला तरी छातीत धस्स व्हायचं. पगार कधी दोन महिन्यांनी, कधी तीन महिन्यांनी एकदम. शेजारच्या पीएचसीतला परमनंट माणूस आणि मी, त्याच गोळ्या, तेच स्टॉक बुक, तीच रांग, आणि हातात पडणारे पैसे बघितले तर त्याच्या निम्म्याहून कमी. मग परीक्षा, मग कन्नडचा पेपर (मी मराठी मीडियमची, तो पेपर पास झाले त्या दिवशी आमच्या दादांनी गल्लीत कुंदा, आमची बेळगावची मिठाई, वाटला, फार्मसीच्या डिप्लोमाला वाटला नव्हता), आणि मग परमनंटची ऑर्डर. त्यामुळं पगाराबद्दल मी समाधानी आहे. आमच्याच तालुक्यात अजून कॉन्ट्रॅक्टवर असलेल्या दोघी मैत्रिणी हे वाचतील म्हणून हे वाक्य जरा हळू आवाजात लिहितेय.

दुसरा प्रश्न, समाजात मिळणारी मान्यता. हसूच आलं. मान्यतेचं नंतर बघू, आधी आम्हाला नाव तरी द्या. म्हाताऱ्या माणसांसाठी मी कंपौंडर, बायकांसाठी सिस्टर, कन्नड बोलणाऱ्यांसाठी 'गुळगी कोडो अक्का', म्हणजे गोळ्या देणारी अक्का, आणि लहान पोरं असतील तर इंजेक्शनवाली, जरी मी आयुष्यात कुणाला इंजेक्शन दिलेलं नसलं तरी. माझ्या सासूबाई अजून पाहुण्यांना सांगतात, आमची सून दवाखान्यात असत्या. डॉक्टर आहे का? नाही. नर्स? नाही. मग? मग सासूबाई चहा आणायला उठतात.

कागदावर मात्र आम्ही फार मोठे. 1948 चा फार्मसी कायदा आहे, त्यातलं 42 वं कलम सांगतं की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टशिवाय दुसऱ्या कुणी द्यायचं नाही. कलम एकदम ठणठणीत आहे. आणि पीएचसीला फार्मासिस्ट एक. आता मी आजारी पडले, लग्नाला गेले, जिल्ह्याला मीटिंगला गेले, तर त्या दिवशी त्या खिडकीतनं गोळ्या कोण देतं हे मी इथं लिहीत नाही, तुम्ही कुठल्याही पीएचसीत जाऊन बघा. आणि सरकारलाच कशाला नावं ठेवायची. माझ्या बॅचमधल्या कितीतरी जणांचं सर्टिफिकेट कुठल्या ना कुठल्या मेडिकल दुकानाच्या भिंतीवर फ्रेममध्ये आहे आणि माणूस दुसरीकडं, कुणी एलआयसी विकूलालाय, कुणी दुबईत. सर्टिफिकेट भाड्यानं देणं. सगळ्यांना माहिती, कुणी बोलत नाही. अशा धंद्यात मान्यता किती मिळते म्हणून विचारतेस होय बाई, असं त्या पोरीला लिहावंसं वाटलं, खरं तिथं लिहायला जागा नव्हती. तिसऱ्या चौकटीत टिक.

कामाचा ताण. इथं मी बसमध्येच हिशेब घातला. सोमवारी आमच्याकडं 120 पेशंट धरा, गुरुवारी जरा कमी. नाव नोंदवून, डॉक्टरांकडनं चिठ्ठी घेऊन माझ्या खिडकीवर पहिला माणूस येतो तो दहाला, आणि साडेबाराची बस पकडायची म्हणून सगळे त्याच्या आधी घाईत. अडीच तास, 150 मिनिटं, भागिले 120. एका माणसाला सव्वा मिनिट. त्या सव्वा मिनिटात चिठ्ठी वाचायची, चारपैकी तीन औषधं शेल्फवरनं काढायची, चौथं नसलं तर त्याच्याऐवजी काय ते डॉक्टरांना ओरडून विचारायचं, स्ट्रिप कापायची, कॉम्प्युटर चालू असला तर एन्ट्री, नसला तर वहीत, आणि मग सांगायचं. सांगायचं म्हणजे, ही सकाळी, ही रात्री, ही जेवणाआधी, ही जेवल्यावर. समोरचा कन्नड असेल तर 'ऊटाद म्याल', मराठी असेल तर 'जेवल्यावर', आणि धनगरवाड्यावरनं आलेला असेल तर दोन्ही भाषा मिसळून आणि हातानं घास दाखवून. कॉलेजात ह्याला काउन्सेलिंग म्हणायचे. सव्वा मिनिटातलं काउन्सेलिंगच्या वाट्याला किती येतं? दहा सेकंद म्हणा.

आता ती गुलाबी गोळीची गोष्ट. ही सांगितल्याशिवाय माझं समाधान किंवा असमाधान काय ते कुणाला कळणार नाही, आणि फॉर्ममध्ये ती बसत नव्हती म्हणूनच तो अकरा दिवस पडून होता असं मला आता वाटतंय.

एक म्हातारी येते आमच्याकडं. नाव नको, आपण आजी म्हणू, ती मला अक्का म्हणते आणि मी तिला आजी, वयात चाळीस वर्षांचा फरक असून. बीपी आणि शुगर दोन्ही. चार कोस चालत यायची पूर्वी, आता तिच्या वाडीपर्यंत टेम्पो येतो. दर महिन्याला न चुकता येणारी, एनसीडीच्या, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांच्या, कार्डाला पिशवीत गुंडाळून आणणारी, आदर्श पेशंट म्हणतात तशी. रजिस्टर काढून बघितलं तर वर्षभरात तिचा एकही महिना चुकलेला नाही. तीस दिवसांच्या गोळ्या दिल्या, सही, अंगठा. माझ्या रिपोर्टमध्ये ती शंभर टक्के.

एकदा डॉक्टरांनी तिचं बीपी बघितलं तर वरचं 190. परत बघितलं, तेच. मला आत बोलावलं, गोळ्या देऊलालाय ना बरोबर? मी म्हटलं देतेय की. आजीला विचारलं, खातेस ना गं? खातो की. रोज? रोज खातो. (आमच्याकडं बायका 'खातो' म्हणतात, 'मी सांगितलो', 'मी गेलो' म्हणतात, पुण्याच्या माझ्या जावेला ह्याचं फार हसू येतं, येऊ दे.) मी म्हटलं पुढच्या वेळी घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन ये. ती चार दिवसांनीच आली, एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन, आणि खिडकीच्या कट्ट्यावर उघडला.

डब्यात पांढऱ्या बारीक गोळ्या होत्या. काही स्ट्रिपमध्ये, काही सुट्या, काही पाऊस लागून फुगलेल्या. मी मोजल्या नाहीत, मोजवेना. सगळ्या अम्लोडिपिन. बीपीच्याच.

"ही का नाही खाल्लीस गं?"

"ही बीपीची न्हवं अक्का. बीपीची गुलाबी असत्या. गुलाबी सरली तवा सोडलो मी. तूच दिली न्हाईस की नंतर."

झालेलं असं, की आमचा माल बेंगळूरहून टेंडरनं येतो. सगळ्या राज्यासाठी एकदम खरेदी, ज्याचा दर कमी त्याची ऑर्डर, मग जिल्ह्याचं वेअरहाऊस, मग आमचं इंडेंट म्हणजे मागणीपत्र, मग आमचं शेल्फ. औषध तेच, पाच मिलिग्रॅम तेच, खरं टेंडर बदललं की कंपनी बदलते आणि कंपनी बदलली की गोळीचा रंग, आकार, स्ट्रिपचा कागद सगळं बदलतं. आणि आमचा नियम, ज्याची एक्स्पायरी आधी ते आधी संपवायचं. त्यामुळं त्या महिन्यात मी तिला जुन्यातल्या दहा गुलाबी आणि नव्यातल्या वीस पांढऱ्या अशा मिळून तीस दिल्या. स्टॉक बुक बरोबर, बॅच नंबर बरोबर, बेरीज बरोबर. फक्त तिला सांगायचं राहिलं, की गं आजी, ही आणि ती एकच. त्या दिवशी सोमवार होता. दहा सेकंदसुद्धा नसतील मिळाले. तिनं दहा दिवस गुलाबी खाल्ल्या, संपल्या, आणि पांढऱ्या ह्या ताप-बिप आला तर लागतील म्हणून डब्यात जपून ठेवल्या. आणि पुढं दर महिन्याला न चुकता येऊन नव्या पांढऱ्या नेत राहिली, कारण दवाखान्यात दिलेलं नको कसं म्हणायचं.

त्याच महिन्यात तिच्या वाडीतला एक माणूस पायाला सूज आली, गरगरतं म्हणून आलेला. त्यानं उलटं केलेलं, रोज एक गुलाबी आणि एक पांढरी, दोन्ही. मी त्याला तेव्हा पाय उशीवर ठेवून झोपत जावा असं सांगितलेलं. आजीच्या डब्यानंतर मला त्याचा उलगडा झाला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. कुणाला दोष द्यायचा? टेंडर तर चालूच राहणार. डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर होती. चूक माझीच, आणि ती कुठल्याही रजिस्टरमध्ये दिसत नाही. ऑडिटला आलेल्या माणसाला ती सापडणारच नाही, कारण आम्ही दिलेल्या गोळ्या मोजतो, पोटात गेलेल्या नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी एक केलं. रंग बदलला की जुन्या रिकाम्या स्ट्रिपचा तुकडा खिडकीच्या काचेला आतनं चिकटवते, त्याच्या शेजारी नव्याचा तुकडा, आणि प्रत्येक बीपीवाल्याला बोट लावून दाखवते. आजीला पहिल्यांदा समजावताना माझ्या तोंडातनं निघून गेलं, "आजी, बाई तीच आहे बघ, नुसतं लुगडं बदललंय." ती एवढी हसली की मागच्या रांगेतल्या बायका काय झालं म्हणून पुढं आल्या आणि मग मला परत सांगावं लागलं, आणि त्या नादात अर्ध्या रांगेला एकदम समजलं. हे काउन्सेलिंग कुठल्या पुस्तकात नाही.

पुढच्या दीड महिन्यानं आजीचं वरचं 140 च्या आत आलं. डॉक्टरांनी कार्डावर लिहिलं, 'इम्प्रूव्ड'. मी काय केलं ते लिहायला कॉलम नाही, आणि मला तो नको पण आहे, नाहीतर त्याचाही महिन्याचा रिपोर्ट मागतील.

तर आता सांगा, ह्याला कुठल्या चौकटीत घालू? चूक केली तोही जॉब, सुधारली तोही जॉब.

फॉर्ममध्ये कामाच्या जागेबद्दलपण एक प्रश्न होता. आमचं स्टोअर म्हणजे पूर्वीची लेबर रूमशेजारची खोली. जून ते सप्टेंबर पश्चिमेची भिंत रडत असते. कणकुंबी, जांबोटीकडं ज्यांनी पाऊस बघितलाय त्यांना सांगायला नको. खोकी भिंतीला टेकवायची नाहीत, जमिनीवर ठेवायची नाहीत, म्हणून मी लाकडी फळ्या जमवल्यात, आणि कपाटात एक जुना पिवळा बल्ब दिवसभर जळत असतो, ओल मारायला. शिपाईमामा म्हणतात, अक्का त्या गोळ्यांना कोंबडीच्या पिल्लांगत ऊब देऊलालाय. चेष्टा करू देत. टेल्मिसार्टनसारखी गोळी हवेतली ओल ओढून घेते, स्ट्रिपमधनं काढून डबीत भरली की मऊ पडते, म्हणून ती आयत्या वेळीच फोडायची. आणि लोकांना तर स्ट्रिप फोडून सगळ्या गोळ्या एका डबीत भरायची इतकी हौस, तपकिरीच्या, कुंकवाच्या, कसल्या कसल्या डब्या येतात माझ्यासमोर.

हे मला आवडतं, खरं सांगायचं तर. एकटीनं स्टोअरमध्ये उभं राहून खोकी लावणं. लोकांना हे कंटाळवाणं वाटेल.

न आवडणारा एकच शब्द आहे, 'संपलंय'. दिवसातनं किती वेळा म्हणावा लागतो. 2024 च्या सुरुवातीला टीबीच्या गोळ्यांचा देशभर तुटवडा पडलेला, तेव्हा आमच्याकडं एक विटांच्या भट्टीवर काम करणारा मुलगा कोर्सवर होता. पहिल्यांदा गोळ्या सुरू केल्या तेव्हा लघवी लाल होते म्हणून घाबरून पळून आलेला, त्याला मी समजावलेलं की हे औषधाचं आहे, लाल होतीय म्हणजे गोळी पोटात गेलीय असं समज, एक दिवस चुकवू नकोस, चुकवलास तर रोग शहाणा होतो. एवढं सगळं मी सांगितलेलं. आणि मग त्याच तोंडानं मी त्याला म्हणाले की सात दिवसांच्याच आहेत, पुढच्या आठवड्यात परत ये, बघू. त्यानं काही म्हटलं नाही. काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. चार ठिकाणी फोन करून दुसऱ्या पीएचसीतनं उसन्या मागवल्या, मिळाल्या, खरं तो सात दिवस माझ्याकडं ज्या नजरेनं बघायचा ती मला अजून आठवते. टेंडर कुणी केलं, कच्चा माल कुठं अडला, ह्याच्याशी त्याला काय. त्याच्यासाठी सरकार म्हणजे ती खिडकी आणि खिडकीत मी.

आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बळ्ळारीत सिझेरियन झालेल्या बाळंतिणी दगावल्या, रिंगर लॅक्टेटच्या सलाईनवर संशय आला, त्या कंपनीचा माल राज्यभर थांबवला. त्या संध्याकाळी मी एकेक बाटली उजेडासमोर धरून बघत होते, जसं काही डोळ्यांना दिसणार होतं. दिसत नाही. आम्ही फक्त लेबल वाचू शकतो. बॅच नंबर, तारीख, आणि वर विश्वास.

अकराव्या दिवशी काय झालं, तर आदल्या रात्री पावणेबाराला फोन. रात्रीपाळीची सिस्टर. साप चावलाय, मण्यार वाटतीय, एएसव्ही (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) कुठं ठेवलाईस? लावणीच्या दिवसांत हे फोन येतातच. 2024 पासून कर्नाटकात साप चावल्याची केस कळवणं सक्तीचं झालंय, म्हणजे निदान मोजणी तरी चालू झाली. मी अंथरुणातनंच सांगितलं, किल्ली इंजेक्शन रूमच्या खिळ्याला, कपाट दुसरं, वरनं तिसरा कप्पा, निळं झाकण. पावडर आहे, पाणी सोबतच्या खोक्यात, जोरात हलवू नकोस, फेस होतो, हळू फिरव. तिला हे सगळं माहिती होतं, खरं रात्री बाराला माहिती असलेलंही कुणीतरी सांगावं लागतं. मग मी जागीच. पुढं जिल्ह्याच्या दवाखान्यात हलवलं त्याला.

सकाळी खिडकी उघडली तर कट्ट्यावर दहा रिकाम्या व्हायल एका ओळीत मांडून ठेवलेल्या. सिस्टरनं माझ्या स्टॉक बुकसाठी ठेवलेल्या, हिशेब चुकू नये म्हणून. मी लिहिलं, एएसव्ही, खर्च दहा, शिल्लक चौदा. आणि दुपारी बातमी आली की तो बोलूलालाय.

मग मी ड्रॉवर उघडला आणि उरलेला फॉर्म पाच मिनिटांत भरला. प्रमोशनला पहिली चौकट, त्याबद्दल चर्चा नको, आमच्यातले बहुतेक ज्या खुर्चीवर बसले त्याच खुर्चीच्या आसपास रिटायर होतात. सहकाऱ्यांना पाचवी. पुन्हा संधी मिळाली तर हाच जॉब घ्याल का, ह्याला मी बराच वेळ पेन धरून बसले. चौथी चौकट केली. मग शाई सुकायच्या आत खिडकीवर टकटक.

आजी. कार्ड पिशवीत, पिशवी पदरात, गुडघ्यापर्यंत चिखल. ह्या महिन्यात नवीन माल आलेला, परत कंपनी बदललेली, मी अजून काचेला तुकडा चिकटवला नव्हता. तिनं काचेकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या स्ट्रिपकडं.

"काय गं अक्का," ती म्हणाली, "आता कुठलं लुगडं नेसून आलीया ही?"